छोट्या नाट्यसंस्थेने वर्षाची नाटके कशी ठरवावीत?

प्रश्न थोडक्यात असा आहे: संस्थेत नियमित काम करणारी 14 माणसे, प्रयोगाला 80 खुर्च्यांचे छोटे सभागृह, आणि वर्षाला तीन नाटके करायचा बेत. एकाला मोठ्या संचाचे अभिजात नाटक हवे आहे, दुसऱ्याला संस्थेतल्याच लेखकाचे नवे नाटक, आणि तिसऱ्याचे म्हणणे की विनोदी नाटक लावल्याशिवाय प्रेक्षक येणार नाही. दर वर्षी या वादात दोन-दोन महिने जातात. मग निवड करायची कशी?

तुमच्याकडचे तिन्ही प्रस्ताव योग्य असू शकतात. वाद अडकतो तो 'कोणते नाटक जास्त चांगले' या प्रश्नावर, आणि त्याचे उत्तर बैठकीत कधीच मिळत नाही. छोट्या संस्थेचे वर्ष फसते ते बहुतेक वेळा नाटक वाईट होते म्हणून फसत नाही. तीन नाटकांची मिळून मागणी किती आहे हे कोणी मोजलेलेच नसते. तिन्ही नाटकांत पन्नाशीचा कणखर पुरुष हवा असतो आणि संस्थेत तसा एकच नट असतो. तिन्हींचे नेपथ्य एकाच माणसाच्या हातून व्हायचे असते. सुटी पाहिली तर तिन्ही नाटके उत्तम, एकत्र ठेवली की एकमेकांचा गळा धरतात. म्हणून आधी मोजा, मग आवडीनिवडीवर भांडा. मोजून झाल्यावर भांडायला फार थोडी नाटके उरतात, आणि तो वाद चांगला होतो.

सुरुवात तालमीच्या तासांपासून करा. हौशी आणि अर्धहौशी संस्थांसाठी एक जुना ठोकताळा आहे: रंगमंचावरच्या एका मिनिटाला तालमीचा एक तास. 100 मिनिटांच्या नाटकाला 100 तास. आठवड्यातून तीन दिवस, तीन-तीन तास तालीम होत असेल तर आठवड्याचे 9 तास, म्हणजे साधारण 11 आठवडे. गाणी, पद्यसंवाद, नटांच्या सवयीची नसलेली बोली किंवा मारामारी असेल तर त्यात निम्म्याने भर घाला. आता तीन नाटकांचे 33 आठवडे झाले. प्रत्येक नाटकाला सभागृहातल्या तांत्रिक तालमी, रंगीत तालीम आणि प्रयोग मिळून आणखी तीन आठवडे धरा. एकूण 42. उरलेल्या 10 आठवड्यांत पात्रयोजना, परीक्षा, सुट्ट्या, आजारपणे आणि पुढच्या वर्षाचे वाचन. कागदावर बसते, पण एक माणूस आजारी पडला की मोडते. यातून निवडीचा पहिला नियम निघतो: तीनपैकी एक नाटक 60 ते 70 मिनिटांचे, मध्यंतराशिवायचे असावे. त्याने चार आठवडे मोकळे होतात, आणि तेच चार आठवडे वर्ष वाचवतात. नाटकाची लांबी पानांवरून ठरवू नका. मोठ्याने वाचा, घड्याळ लावा आणि येणाऱ्या आकड्यात दहा-पंधरा टक्के मिळवा. हालचाली, शांतता आणि प्रवेशबदल वाचनात नसतात.

आता माणसे. संहितेच्या पहिल्या पानावरच्या पात्रसंख्येवर विसंबून राहू नका. प्रत्येक विचाराधीन नाटकाचा तक्ता करा. उभ्या ओळीत पात्रे, आडव्या ओळीत नाटकाचे तुकडे. कोणीही पात्र आत आले किंवा बाहेर गेले की नवा तुकडा सुरू. प्रत्येक चौकटीत खूण करा: बोलते, नुसते हजर आहे, की नाही. 90 मिनिटांच्या नाटकाला दोन-तीन तास लागतात, पण या एका कागदावर नाटक तुम्हाला झेपेल की नाही हे दिसते. एका नटाला कोणत्या दोन भूमिका देता येतील, तालमीला कोणाला कोणत्या दिवशी बोलवायचे, कोण पहिल्या अंकानंतर मोकळा होऊन विंगेत हात लावू शकतो, हे सगळे त्यातच असते.

दुहेरी भूमिकांसाठी दोन अटी असतात आणि लोक त्यातली पहिलीच पाहतात. पहिली, दोन पात्रे एकाही तुकड्यात एकत्र नसावीत. दुसरी, एकाची एक्झिट आणि दुसऱ्याची एन्ट्री यांत पुरेसा वेळ असावा. शेक्सपिअरच्या 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम'मध्ये अथेन्सचा ड्यूक थीसियस आणि पऱ्यांचा राजा ओबेरॉन एकाच नटाने, थीसियसची वाग्दत्त वधू हिपोलिटा आणि पऱ्यांची राणी टिटानिया एकाच नटीने करण्याची पद्धत आहे. दिग्दर्शक पीटर ब्रूक यांनी 1970 साली रॉयल शेक्सपिअर कंपनीसाठी केलेल्या प्रयोगामुळे ती फार गाजली. वीसहून अधिक पात्रांच्या त्या नाटकात छोट्या संचाला हा मोठाच आधार वाटतो. पण चौथ्या अंकाच्या पहिल्या प्रवेशात परीराज्याची जोडी बाहेर जाते आणि लगेच, मध्ये एकही संवाद नसताना, शिकारीचे शिंग वाजून थीसियस आणि हिपोलिटा आत येतात. पाचव्या अंकाच्या शेवटी उलटा बदल आहे, आणि तिथे मध्ये फक्त ओबेरॉनचा सेवक पक याचे वीस ओळींचे भाषण आहे. म्हणजे दुहेरी भूमिका करायच्या तर वेशभूषा त्याच हिशेबाने आखावी लागेल: एकच मूळ पोशाख, वर चढवायचा किंवा उतरवायचा एक झगा, किंवा बदल सरळ प्रेक्षकांसमोर. हा निर्णय नाटक निवडतानाच घ्यायचा असतो. 'बघू नंतर' म्हटले की रंगीत तालमीच्या रात्री विंगेत बटणे लावण्यावरून गोंधळ होतो.

अंदाजासाठी: नुसता कोट किंवा शाल बदलायला 20 सेकंद, मदतीला एक माणूस असताना पूर्ण पोशाख बदलायला दीड मिनिट, मेकअप किंवा केशरचना बदलायची तर चार-पाच मिनिटे. तक्त्यात प्रत्येक तुकड्याखाली वाचनात लागलेला वेळ लिहून ठेवला असेल, तर कोणता बदल शक्य आहे हे लगेच कळते.

मुख्य भूमिकांबाबत एक कडक नियम पाळा. प्रत्येक मोठी भूमिका संस्थेतल्या निदान दोन माणसांना करता आली पाहिजे. नावे जाहीर करू नका, निवाडा निवड समितीपुरता ठेवा. ज्या नाटकाची मुख्य भूमिका फक्त एकालाच झेपते, ते नाटक त्या माणसाच्या नोकरीच्या, घराच्या आणि तब्येतीच्या हवाली केल्यासारखे आहे. शिवाय इतरांना ते नाटक त्याच्यासाठीच निवडले हे कळतेच, आणि पात्रयोजनेच्या चाचणीला माणसे येईनाशी होतात. वर्षाच्या तिन्ही तक्त्यांत स्त्री-पुरुष भूमिकांची बेरीजही करा. अनेक छोट्या संस्थांत काम करायला उत्सुक स्त्रिया जास्त असतात आणि जुन्या नाटकांत भूमिका बहुतेक पुरुषांच्या असतात. एखाद्या नाटकात तसे झाले तर चालते, तिन्हींत झाले तर पुढच्या वर्षी तुमच्याकडे त्या स्त्रिया राहणार नाहीत.

पुरुष पात्रे स्त्रियांकडून करून घेणे हा एक मार्ग आहे, पण लेखकाचे हक्क (कॉपीराइट) सुरू असलेल्या नाटकात तो परवानगीशिवाय घेऊ नका. नाटककार सॅम्युअल बेकेट हयात असताना, 1988 साली, त्यांचे 'वेटिंग फॉर गोदो' फक्त स्त्रियांना घेऊन करणाऱ्या एका डच संस्थेला त्यांनी कोर्टात खेचले होते. निकाल संस्थेच्या बाजूने लागला. पण एवढी लढाई लढायची ताकद छोट्या संस्थेत नसते.

हक्कांचा विषय निघालाच आहे तर तो पूर्ण करू, कारण सर्वांत जास्त संस्था इथेच ठेचाळतात. लेखकांच्या हक्कांविषयीच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर किमान 50 वर्षे हक्क राहतात; भारतात ही मुदत 60 वर्षे आहे, ब्रिटनमध्ये आणि युरोपीय संघात 70. रशियन नाटककार चेकॉव्ह 1904 साली गेले, नॉर्वेचे इब्सेन 1906 साली, म्हणजे त्यांची मूळ नाटके सर्वांना मोकळी. तुम्ही मात्र रशियन किंवा नॉर्वेजियन संहिता करत नाही, भाषांतर करता, आणि भाषांतरकाराचे हक्क वेगळे असतात. वीस वर्षांपूर्वी झालेल्या भाषांतराला परवानगी लागतेच. रूपांतर असेल तर रूपांतरकाराची, गाणी असतील तर गीतकार आणि संगीतकाराची, आणि तयार ध्वनिमुद्रण वाजवणार असाल तर त्याचीही. परवानगी तोंडी घेऊ नका. पत्रात प्रयोगांची संख्या आणि तारखा, मानधन प्रयोगागणिक की गल्ल्याच्या टक्केवारीत, संहितेत काटछाट करण्याची मुभा, पात्रांचे लिंग किंवा काळ बदलण्याची मुभा, चित्रीकरण आणि ऑनलाइन दाखवणे, जाहिरातीत लेखकाचे नाव कसे जाईल, हे सगळे असावे. काटछाटीचा मुद्दा विसरला जातो. 130 मिनिटांचे नाटक '100 मिनिटांत आणू' या भरवशावर निवडायचे आणि मग लेखकाने एक ओळही कापू द्यायची नाही, असे घडले की तालमीचा सगळा हिशेब कोसळतो. जिथे प्रयोगापूर्वी संहिता मंजूर करून घ्यावी लागते, तिथे त्याचाही वेळ धरा. हे सगळे हातात येईपर्यंत नाटकाचे नाव बाहेर फोडायचे नाही.

जागेची मागणी मोजताना नेपथ्याची चित्रे डोळ्यासमोर आणू नका, संहितेतल्या गोष्टी मोजा: स्थळे किती, बदल किती, दारे किती, कोणत्या दाराशिवाय प्रसंगच होत नाही. 12 प्रवेश, प्रत्येक वेळी वेगळे स्थळ, आणि प्रत्येक बदलाला 40 सेकंदांचा काळोख असे धरले तर 11 बदलांत सव्वासात मिनिटे प्रेक्षक अंधारात बसतो. नटांनी तापवलेला प्रसंग अकरा वेळा थंड होतो. असे नाटक करायचेच असेल तर एका टेबलात आणि दोन खुर्च्यांत सगळी स्थळे उभी करणारा दिग्दर्शक आधी हवा. छताची उंची टेपने मोजा. 3.5 मीटर छत, दिवे त्याखाली लटकून 3.3 मीटरवर, 1.2 मीटरचा चौथरा घातला तर त्यावर उभ्या माणसाचे डोके 3 मीटरच्या जवळ जाते. दिवा कपाळापासून हातभरावर येतो, चेहरा पांढरा फटक दिसतो आणि उष्णतेने नट घामेजतो. 'दुमजली घर' असे संहितेत लिहिलेले दिसले की हा हिशेब करा. बंदुकीचा आवाज, उघडी ज्योत, धूर, पाणी, लहान मूल, खरे खाणे यांपैकी काय काय आहे ते प्रत्येक नाटकाच्या कागदावर स्वतंत्र लिहा. धूर आणि ज्योतीसाठी सभागृहाची लेखी परवानगी लागते. मुलासाठी दोन मुले तयार करावी लागतात आणि विंगेत त्यांच्याजवळ एक मोठे माणूस लागते. खाण्याचा प्रसंग तर अगदीच निरुपद्रवी दिसतो, पण घास तोंडात असताना संवाद येणार का, हे वाचनातच तपासावे.

पैशाचे गणित साधे ठेवा. 80 खुर्च्या, 6 प्रयोग, म्हणजे 480 जागा. नाटकाचा एकूण खर्च भागिले तिकिटाची किंमत, म्हणजे खर्च भरून निघायला विकावी लागणारी तिकिटे. हा आकडा 200 आला तर 42 टक्के जागा, नाटक सुरक्षित. 330 आला तर 69 टक्के जागा भरायला हव्यात. असे नाटक वर्षात एकच घ्या, आणि तेही संस्थेचा प्रेक्षक त्या लेखकाला किंवा विषयाला ओळखत असेल तरच. मोफत पासांच्या खुर्च्या 480 मधून आधीच वजा करा. सर्वांत घातक सवय म्हणजे पहिल्या नाटकाच्या गल्ल्यावर दुसऱ्याचे नेपथ्य करण्याचा बेत. वर्ष सुरू होण्याआधी तिन्ही नाटकांचा किमान खर्च हातात नसेल तर दोनच नाटके करा. दोन नीट बसवलेल्या नाटकांनी संस्थेचे नाव होते, तिसरे घाईत उरकले की तेच नाव जाते.

इथवर जे नाटक टिकले नाही ते बाजूला. आता वाचन. 25-30 संहितांमधून तीन ते पाच जणांच्या समितीने आठ निवडाव्यात आणि त्या आठ सर्वांसमोर मोठ्याने वाचाव्यात. मनातल्या मनात वाचलेले नाटक फसवते, आणि ते दोन्ही बाजूंनी. ज्यात लांबलचक भाषणे आणि सुंदर रंगसूचना आहेत ते वाचताना फार मोठे वाटते. प्रेक्षकाला मात्र रंगसूचना ऐकू येत नाहीत. म्हणून रंगसूचना खोडून एकदा वाचा. उलट प्रहसन कागदावर कोरडे लागते, कारण त्याची सगळी गंमत दारांच्या उघडझापीत आणि क्षण साधण्यात असते. वाचनाला भूमिका त्या त्या नटाला शोभतील अशा वाटू नका, नाहीतर माणसे नाटक ऐकण्याऐवजी पात्रयोजना ऐकतात. वाचन संपल्यावर लगेच चर्चा नको. दहा मिनिटे शांतपणे प्रत्येकाने लिहावे: लक्ष कुठे सुटले, कोणता प्रसंग आठवतो, गोष्ट दोन वाक्यांत काय आहे. आधी बोलणारा जोरकस असला की बाकीच्यांची मते त्याच्याच बाजूला झुकतात, म्हणून लेखन आधी.

संस्थेतल्या लेखकाच्या नव्या नाटकाला हीच मोजपट्टी लावा, पण वेळापत्रक वेगळे द्या. पहिले वाचन, मग पुनर्लेखनाला सहा ते आठ आठवडे, मग दुसरे वाचन. दुसऱ्या वाचनानंतरच ते वर्षात घ्यायचे की नाही ते ठरवा. पहिल्या खर्ड्याच्या उत्साहावर तारीख देऊ नका. तालमी सुरू झाल्यावर लेखकाला चौथ्या आठवड्यापर्यंत बदल करू द्या, शेवटच्या तीन आठवड्यांत एकही नवे पान आत येता कामा नये. नट तेव्हा पाठांतरातून बाहेर पडून भूमिकेत शिरत असतो, आणि बदललेली चार वाक्ये त्याला आसपासच्या चाळीस वाक्यांत अडखळायला लावतात. लेखकाने स्वतःच दिग्दर्शन करावे का? शक्यतो नको. काय कापायचे हे सांगणारा दुसरा माणूस हवा.

अंतिम निर्णय मतदानाने घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. मतदानात सर्वांची दुसरी आवड जिंकते: कोणालाच न खटकणारे आणि कोणालाच पेटवून न उठवणारे नाटक. तांत्रिक बाजू पाहणाऱ्याला आणि हिशेब पाहणाऱ्याला नकाराधिकार द्या, आणि उरलेल्यांतून निवड कलाबाजू सांभाळणाऱ्या एकाच व्यक्तीने करावी, कारणे सर्वांसमोर सांगून. प्रत्येक नाटकामागे 'हे मलाच करायचे आहे' म्हणणारा दिग्दर्शक असलाच पाहिजे. दिग्दर्शक नंतर शोधू म्हणून घेतलेले नाटक शेवटी सर्वांत दमलेल्या माणसाच्या गळ्यात पडते. वर्षाला एकच विषयसूत्र हवे हा हट्टही सोडा. सूत्रासाठी कमकुवत नाटक आत येते आणि चांगले बाहेर राहते.

क्रम ठरवताना तुमच्या तीन प्रस्तावांचे असे करा. विनोदी नाटक आधी, संच सहा-सातचा, नेपथ्य एकच. त्याने प्रेक्षक जमतो आणि नव्या सभासदांना विंगेत शिकता येते. मधे नवे नाटक, तीन-चार पात्रांचे, 70 मिनिटांच्या आतले, प्रयोग चारच. त्यामुळे बाकीचे दहा जण दम खातात, आणि नाटक चालले नाही तरी खड्डा लहान पडतो. शेवटी मोठ्या संचाचे अभिजात. तोवर वर्षभरात आलेली माणसे रुळलेली असतात, आणि मोठ्या संचातला प्रत्येक जण आपली माणसे घेऊन येत असल्याने अवघड नाटकालाही खुर्च्या भरतात. अभिजात नाटक सुरुवातीला ठेवले तर चौदाच्या चौदा जण पहिल्याच चार महिन्यांत थकतात आणि पुढच्या नाटकाच्या चाचणीला निम्मेच येतात. लागोपाठच्या दोन नाटकांत तोच मुख्य नट किंवा तोच दिग्दर्शक नको. पहिल्याचे प्रयोग सुरू असताना दुसऱ्याच्या तालमी लागतात आणि तो माणूस दोन्हीकडे अर्धाच पोहोचतो.

चौथे नाटक राखीव ठेवा: दोन पात्रांचे, हक्क मोकळे असलेले किंवा परवानगी आधीच घेतलेले, नेपथ्य नसल्यासारखे. ते कोण करणार हे ठरवून निदान एक वाचन करून ठेवा. प्रत्येक नाटकाच्या पहिल्या तालमीच्या चार आठवडे आधीची तारीख भिंतीवर लिहा. त्या दिवशी परवानगीचे पत्र, दिग्दर्शक आणि मुख्य भूमिकांतली माणसे, या तिन्हींपैकी एक जरी हातात नसेल, तरी चर्चा न करता राखीव नाटक लावायचे. वर्षाची जाहीर घोषणा करताना पहिल्या दोन नाटकांची नावे द्या, तिसऱ्याची फक्त तारीख द्या, आणि त्याचे नाव पहिल्या नाटकाच्या शेवटच्या प्रयोगाला सांगा.